नवव्या ठिकाणी जेवू नका

गुरुवार, ता. २

धाकटीस,

सहा वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून लगेच पाकीट चुलीत टाकू नकोस. माफी मागायला लिहीत नाही, आणि मागितलीस तर देणारही नाही. काम आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या लेकीची चिठ्ठी आली. तुला न सांगता लिहिली आहे तिने. तिला रागावू नकोस. रागवायचंच असेल तर अक्षरावरून रागव. आपल्या शाळेतल्या नन्सनी ते अक्षर पाहिलं असतं तर तिच्या बोटांवर पट्टी मोडली असती. ती सातव्या महिन्यात आहे हे सख्ख्या मावशीला छापखान्याच्या पत्त्यावर आलेल्या चिठ्ठीतून कळावं, याला काय म्हणायचं ते तूच म्हण.

चिठ्ठीत लिहिलंय की ती आणि जावई गाडीने तुझ्याकडे यायला निघालेत, विश्रांतीला. सरळ महामार्गाने यायचं सोडून किनाऱ्याच्या रस्त्याने, रमतगमत. आणि सोबत माझी पुस्तिका आहे. तू ती उघडूनही पाहिली नसशील म्हणून सांगते. निवृत्तीनंतर बसमालकांच्या संघासाठी मी दरवर्षी लिहिते ती, ‘किनाऱ्याच्या रस्त्यावर कुठे जेवावे’. चौदा ठिकाणं, वरून खाली क्रमाने. लोक ती गाडीच्या काचेपाशी ठेवतात आणि डोळे मिटून विश्वास टाकतात. टाकावाच. एकतीस वर्षं आरोग्य खात्यात अन्न तपासत फिरले, ती काही उन्हात केस पांढरे करायला नाही.

पोरगी लिहिते, “मावशी, तू लिहिलंस तिथेच थांबायचं, तू लिहिलंस तेच मागवायचं. पुढच्या गुरुवारी दुपारी नववं ठिकाण. ते मुद्दाम शेवटच्या दिवसाला राखून ठेवलंय.”

तेव्हा तिला फोन करून एवढंच सांग, नवव्या ठिकाणी थांबू नका. तिथे फार गर्दी असते. खडकात कोरलेल्या बावन्न पायऱ्या उतराव्या लागतात, या दिवसांत ते बरं नव्हे. आठव्याला जेवा, दहाव्याला जेवा. नववं नको.

मीच फोन केला असता. चिठ्ठीत तिने नंबर दिलाय, पण त्यात एक आकडा कमी आहे. शेवटी तुझीच मुलगी.

तुला फोन केला तर माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील, म्हणून हे पत्र बसच्या मिशीवाल्या ड्रायव्हरच्या हाती देते. तो एक दिवस खाली जातो, दुसऱ्या दिवशी वर येतो. तू स्टँडसमोरच्या लाँड्रीत इस्त्री करतेस हे त्यानेच सांगितलं. उत्तर लिहायचं नसेल तर त्याला तोंडी ‘बरं’ म्हण, मला पोचेल.

बाकी मी ठीक. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीने मागच्या आठवड्यात माझ्या दाराची कडी उखडली. म्हणे गॅसचा वास आला. माणसाने दार वाजवावं, की रेड्यासारखी धडक मारावी? नवी कडी अजून बसवून दिलेली नाही.

तुझी ताई

शनिवार, ता. ४

धाकटे,

ड्रायव्हर आला. तू पत्र उभ्या-उभ्या वाचलंस म्हणे, इस्त्री हातात धरून. तुझा निरोप त्याने शब्दन्‌शब्द सांगितला, वर तुझा आवाजही काढून दाखवला: “ताईला म्हणावं, शिक्का मारायला माझी खानावळ उरली नाही म्हणून आता दुसऱ्याची शोधलीस का? माझी लेक तिथंच जेवेल. दोन बशा जास्त खाईल.”

सांगून झाल्यावर तो बिचारा मिशी चावत उभा राहिला. मी म्हटलं, “एवढंच?” तो म्हणाला, “बाई, एवढंच नव्हतं, पण बाकीचं मी आणलं नाही.”

तू रागावणार हे मला माहीत होतं. पण पोरीला पुढे करून राग काढायचा नसतो. गर्दीचं आणि पायऱ्यांचं मी उगाच लिहिलं. खरं कारण असं की दोन महिन्यांपूर्वी मी नव्या आवृत्तीसाठी तिथे गेले होते, शिंपल्यांचं सूप आणि तळलेला मासा खाल्ला, आणि घरी येऊन तीन दिवस अंथरुणातून उठले नाही. घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. घड्याळजीला सांगितलं, हवा बदलली. तुला खरं सांगते आहे.

तू विचारशील, मग पुस्तिकेत का राहू दिलंस? मजकूर आधीच छापखान्यात गेला होता. नाही, हेही खरं नाही. तो मी बरी झाल्यावर दिला.

मला वाटलं, पोट माझंच बिघडलं असेल. या वयात बिघडतं.

पोरीला सांग. गुरुवारला अजून पाच दिवस आहेत.

तुझी ताई

ता. क. — नंबरमधला शेवटचाच आकडा राहिला असेल असं धरून मी शून्यापासून नऊपर्यंत दहा फोन केले. एक शाळा निघाली, एक शिंपी, एक बाई जी मला तिच्या सासूची मैत्रीण समजून वीस मिनिटं रडली. बाकीचे बंद. मधला आकडा राहिला असेल तर मी मरेपर्यंत फोन करत बसेन.

सोमवार, ता. ६

धाकटे,

आज ड्रायव्हर वर आला तो रिकाम्या हाताने. म्हणाला, तू या वेळी पाकीट घेतलंस, खणात टाकलंस आणि दुसऱ्याच्या शर्टाची कॉलर इस्त्री करू लागलीस. “उघडलं नाही हो बाई. पण फेकलंही नाही.” त्याला वाटलं ही आनंदाची बातमी आहे.

मी काल नवव्या ठिकाणच्या मालकाला फोन केला. दाढीवाला. आठवतो का? पूर्वी तुझ्याकडे मासे टाकायला यायचा तोच. मी म्हटलं, शीतपेटी नीट चालते का? म्हणाला, “चालते की! वीज जाते मधूनमधून, पण चालते.” मी म्हटलं, गुरुवारी एक दिवस बंद ठेवशील का? तो हसला. “बाई, गुरुवारी सहलीच्या दोन गाड्या आहेत. आणि बंद कशाला? तुमचंच पान मी फ्रेम करून भिंतीवर लावलंय. खाली तुमची सही. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात.”

त्या पानावर मी काय लिहिलंय ते तुला पाठ म्हणून दाखवते: ‘फळ्यांच्या फटीतून खाली लाटा दिसतात. ताटात येतो तो समुद्राचा ताजा, खारा वास.’

ते वाक्य मी चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा ते खरं होतं.

मी फार विचित्र वागते आहे असं तुला वाटेल. दुपारी बारा वाजले की उरलेलं दूध मोरीत ओतते. गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा जाऊन बघते, मग पुन्हा. काल मोजलं, अकरा वेळा. दिवसातून दोनदा आंघोळ करते आणि तरी जिन्यात कुणी भेटलं की भिंतीला चिकटून उभी राहते. आपण दोघी नाकाने कांदे सोलणाऱ्या, असं आई म्हणायची ना? तर आता तसं काही उरलेलं नाही.

मला भीती वाटते, धाकटे. हे वाक्य मी एवढ्या वर्षांत कुणाला लिहिलेलं नाही. ते वाचून तरी पोरीला फोन कर.

ताई

बुधवार, ता. ८

धाकटे,

माझी दोन्ही पत्रं तू परत पाठवलीस. फोडलेली. म्हणजे वाचलीस. सोमवारच्या पत्रामागे शिसपेन्सिलने एकच ओळ लिहिलीस:

‘तुला तिथे काय वास आला?’

ड्रायव्हरसमोरच वाचली. बाकी कुणी हा प्रश्न विचारला नसता. तुला माझी पद्धत माहीत आहे. आधी नाक, मग झाकण, मग कागद. नव्या पोरांना मी तेच शिकवायची: दारात उभं राहा, वास घ्या, मग झाकण उघडा, आणि सगळ्यात शेवटी पेन बाहेर काढा. कागदावर लिहिलेलं खोटं असू शकतं, झाकणाखालचं झाकलेलं असू शकतं, नाक खोटं बोलत नाही.

तर उत्तर ऐक. मला तिथे काहीही वास आला नाही.

मला आठ महिन्यांपासून कशाचाच वास येत नाही. तापाने पडले होते, उठले तेव्हा नाक गेलेलं होतं. साबण नाही, रॉकेल नाही, कुजलेली भाजी नाही. जिभेला तिखट-गोड कळतं, त्यापलीकडे सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. डॉक्टर म्हणाला, कदाचित येईल, कदाचित नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर माझ्यात काय उरतं? एक भांडखोर म्हातारी, दुसऱ्या मजल्यावरची.

ती चौदाही ठिकाणं मी या वर्षी फिरले. सगळीकडे बसले, खाल्लं, मान डोलावली, आणि घरी येऊन जुन्या वहीतून वास उतरवून काढले.

घड्याळजीने कडी उखडली तेव्हा माझ्या हातात काडी होती. पेटीवर टेकवलेली. चहाला पाणी ठेवायचं होतं. तो आत घुसला आणि त्याने माझ्या हातावर एवढ्या जोराने मारलं की काडी भिंतीपर्यंत उडाली. मग खिडक्या उघडून तो माझ्या स्वयंपाकघरात खाली बसला आणि म्हणाला, “आजी, तुम्हाला खरंच आला नाही वास?” मी त्याला म्हटलं, चपला काढून यायची रीत नाही का तुमच्याकडे.

आज मी आरोग्य खात्यात फोन केला. माझ्या जागेवर आता एक टायवाला आहे, मीच शिकवलेला. म्हटलं, नवव्या ठिकाणी उद्या सकाळी माणूस पाठव. तो म्हणाला, “मॅडम, तोंडी तक्रारीवर कसं जाता येईल? लेखी हवं. नियम तुमचाच.” मी म्हटलं, शेवटची तपासणी कधी झाली? त्याने कागद चाळले. मग म्हणाला, “तिकडे वर्षभर गेलोच नाही आम्ही. तुमच्या पुस्तिकेत आहे म्हटल्यावर, मॅडम, गरज काय?”

लेखी तक्रार मी लिहिली आहे. ती पोचून ते निघेपर्यंत शुक्रवार उजाडेल.

आता दुसरं. ते तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या त्या एका ओळीत तेही आहे, हे मला कळतं.

तुझ्या खानावळीत त्या दिवशी माझं नाक शाबूत होतं. अगदी तीक्ष्ण होतं. मी ते वापरलं नाही. निनावी तक्रार आली होती, माझ्यामागे शिपाई उभा होता, साहेब जीपमध्ये बसून बघत होते, आणि तू मला खुर्ची पुढे केलीस. “ताई, बस ना, दमलीस.” त्या ‘ताई’ने माझं डोकं फिरलं. मला वाटलं, आता मी काहीही केलं तरी लोक म्हणणार, बहिणीला सोडलं. मी दारातच पेन काढलं. ‘कुजकट वास, साठा नष्ट करणे योग्य’ असं लिहिलं. तू म्हणालीस, “ताई, झाकण तरी उघड.” तीनदा म्हणालीस. मी झाकण उघडलं नाही. तुझे मासे ताजे होते की नव्हते, हे मला त्या दिवशीही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

तुला माहीत असेल. सहा वर्षं तुला माहीतच असेल.

मी खोटं लिहून तुझं दुकान बंद केलं, आणि खोटंच लिहून त्या दाढीवाल्याचं उघडं ठेवलं. आणि तुला मी गर्दीचं सांगत बसले, पायऱ्यांचं सांगत बसले. आठवडा त्यातच गेला.

हे पत्र उद्याच्या बसने येईल. तोवर पोरगी नवव्याला पोचलेली असेल. म्हणून उद्या मीही त्याच बसने निघते आहे. ड्रायव्हर म्हणतो, दीड-पावणेदोनपर्यंत नवव्याला सोडतो. तो चांगला माणूस आहे, त्याला मी आजवर काही सांगितलं नाही. उद्या सांगणार आहे.

ताई

गुरुवार, ता. ९. बसमध्ये

धाकटे,

अक्षर हलतंय, रस्ता वळणांचा आहे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आहे.

त्याला सांगितलं. त्याने एक वळण घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे बाई, तुमची पुस्तिका बघून मी पॅसेंजरला सांगतो ते सगळं...” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “पण दुसऱ्या ठिकाणचं ऑम्लेट तर चांगलंय. मी रोज खातो.” मी म्हटलं, ते तुझ्या जिवावर चांगलं म्हण, माझ्या नको.

पहिलं ठिकाण गेलं, दीपगृहाखालचं, काचेची खोली आहे ते. दुसरं गेलं. तिसऱ्यापाशी चार माणसं बाकावर बसून खात होती आणि त्यांच्यातल्या एकीच्या हातात माझी पुस्तिका होती, निळं मुखपृष्ठ. तिने बसला हात केला. मला हात वर करता आला नाही.

समुद्र आज फार सुंदर दिसतो आहे. मला त्याचा राग येतो. डावीकडे कडा, उजवीकडे नुसतं पाणी, आणि मधे हा एक अरुंद रस्ता, ज्यावर मी चौदा दारं दाखवून ठेवली. याच वळणांवर एकतीस वर्षं जीपमधून आले-गेले. लोक मला बघून शटर अर्धं ओढायचे, मग पुन्हा वर करायचे. तेव्हा कुणाचीच भीती वाटायची नाही. कारण ती बाकीच्यांना वाटायची.

पाचव्यापाशी बस पंधरा मिनिटं थांबते. मी ड्रायव्हरला म्हटलं, आज थांबू नकोस. तो म्हणाला, “लोक जेवतील कुठं, बाई?” आणि मग तोच ओशाळला. पाच मिनिटं थांबला. मला ती पाच मिनिटं उभं राहून काढावी लागली.

सव्वा वाजलाय. आठवं दिसतंय. तुला हे आणि कालचं, दोन्ही पत्रं तो साडेतीनला देईल. देवा, पोरीचा टायर पंक्चर होऊ दे.

शुक्रवार, ता. १०. आरोग्य केंद्र, सकाळ

धाकटे,

जावयाने काल संध्याकाळीच तुला फोन केला. तू सकाळच्या पहिल्या गाडीने निघालीस, दोन तासांत पोचशील. तू समोर उभी राहिलीस की मी भांडेन. मला स्वतःची ओळख आहे. म्हणून तू यायच्या आत लिहून ठेवते. हे तू पोरीच्या पलंगापाशी वाच, मी व्हरांड्यात असेन.

आधी ते, जे तुला हवंय. बाळाचे ठोके रात्री तीनदा ऐकले, पहाटे एकदा. ठीक आहेत. घोडा दौडल्यासारखे येतात. पोरीचा ताप उतरतोय, पूर्ण उतरलेला नाही. हाताला सलाइन आहे. डॉक्टरीण म्हणते, अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही. तिने मला ‘काही सांगता येणार नाही’ हे सरळ डोळ्यांत बघून सांगितलं, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

आता कालचं.

मी बावन्न पायऱ्या उतरले तेव्हा पावणेदोन झाले होते. पोरगी कठड्याजवळच्या टेबलाशी बसली होती. समोर शिंपल्यांची टरफलं एकात एक नीट रचलेली. मला बघून “मावशी!” म्हणून उठली, पोट सांभाळत, आणि माझ्या गळ्यात पडली. सहा वर्षांनी. आणि मी तिला पहिला शब्द काय बोलले? “किती खाल्लंस?”

ती हसली. “सगळं. तुझ्यासाठी ठेवायला हवं होतं का?”

मी खाली बसले. जावई पाणी घेऊन आला. भला मुलगा आहे. त्याने फक्त मासा खाल्ला होता आणि तो अजून तरी ठीक आहे. मी पोरीला विचारलं, “तुला काही जाणवलं नाही? वास?”

तेव्हा ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते. तू तिला पुन्हा विचारून तिला दमवू नकोस.

“आला होता गं. दारातच. इतका की मळमळलं, आणि हा म्हणाला, आपण पुढे जाऊ. पण तू लिहिलं होतंस ना, समुद्राचा ताजा वास म्हणून. तुझं पान भिंतीवर आहे बघ. मला वाटलं, या दिवसांत माझंच नाक बिघडलंय. तू थोडीच चुकणार आहेस?”

तिचं नाक बरोबर होतं, धाकटे. तुझ्या लेकीचं नाक आपल्या दोघींपेक्षा तीक्ष्ण आहे. माझी सही बघून तिने ते बाजूला ठेवलं.

मी उठले आणि मोठ्याने बोलले. तिथे तीस-पस्तीस माणसं असतील, सहलीची. म्हटलं, “ते भिंतीवरचं पान मी लिहिलंय. मला आठ महिने झाले, कशाचाही वास येत नाही. मी न तपासता लिहिलं. हातातलं खाली ठेवा.”

दाढीवाला आतून पळत आला. “बाई, वेड लागलं का? पोटावर पाय देता?” मी म्हटलं, शीतपेटीचं झाकण उघड. तो उघडेना. मी उघडलं. मला अर्थातच काही कळलं नाही. पण मागच्या टेबलावरची एक बाई नाकाला पदर लावून उठली, मग तिचा नवरा उठला, मग सगळेच. आणि तू हसशील, एक गृहस्थ पुस्तिका उघडून माझ्याकडे आले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “मग दहाव्या ठिकाणी गेलं तर चालेल का?”

मी त्यांच्या हातातून पुस्तिका काढून घेतली आणि कठड्यावरून खाली टाकली. एक समुद्रात गेली. बाकी नऊशे अजून लोकांच्या गाड्यांत आहेत. बसमालकांच्या संघाला मी काल इथूनच तातडीने फोन केला, पत्रही लिहिलं, आणि ते माझ्या नावासकट वर्तमानपत्रात द्या असं सांगितलं. संघाचा सेक्रेटरी म्हणाला, “मॅडम, आजारपणाचं कारण देऊ या की.” मी म्हटलं, आजारपण नाकाचं होतं, खोटं मी बोलले. दोन्ही वेगवेगळं छापा.

पाचच्या सुमाराला पोरीला पहिली उलटी झाली. तेव्हापासून मी इथेच आहे. तिला सगळं सांगितलं, नाकाचंही आणि तुझ्या खानावळीचंही. उलट्यांच्या मधल्या वेळात सांगितलं, कारण नंतर धीर झाला नसता. खानावळीचं ऐकून तिने तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाली, “आईला माहीत आहे?” मी म्हटलं, आईला पहिल्यापासून माहीत आहे. ती म्हणाली, “मग तिने मला कधीच का नाही सांगितलं?” याचं उत्तर तूच दे.

तू मला काय बोलायचं ते बोल. इथे बोल, व्हरांड्यात बोल, नर्ससमोर बोल. मी निघून जाणार नाही. फक्त पोरीच्या देखत माझी बाजू घेऊ नकोस. तुला तशी खोड आहे, आणि ती मला सहन होणार नाही.

आत्ता नर्स दुधाचा पेला ठेवून गेली. पोरगी उशीला टेकून बसली, ओठ कोरडे पडलेत, डोळे आत गेलेत. तिने पेला दोन्ही हातांनी उचलला, तोंडाशी नेला आणि थांबली. मग माझ्याकडे पुढे केला. “मावशी, चांगलं आहे ना?”

इतकं सगळं झाल्यावरही ती मलाच विचारत होती.

मी पेला हातात घेतला आणि दाराशी गेले. नर्स दुसऱ्या खोलीत शिरत होती. तिला हाक मारली. म्हटलं, “बाई, जरा याचा वास घेऊन सांगता का? मला येत नाही.”

ताई